बाजारात तुरी, रॉटरडॅमला डिझेल

‘ईएन ५९० डिझेल, १० पीपीएम, एफओबी रॉटरडॅम. दरमहा २ लाख टन. विक्रेत्याचा थेट मँडेट. टाइमपास करणाऱ्यांनी लांब राहावं.’

अशा धाटणीचा मेसेज तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर अजून आला नसेल, तर येईल. पाठवणाऱ्याकडे जहाज नसतं, टाकी नसते, लिटरभर डिझेलही नसतं. पण प्रोफाइलवर ‘इंटरनॅशनल ऑइल ब्रोकर’ असतं. त्याला हसणं सोपं आहे. माझं भांडण त्याच्या एका वाक्याशी आहे : ‘मी फक्त मध्ये आहे, माझं काय जातंय?’

आधी माल बघू. ईएन ५९० हे युरोपातलं डिझेलचं मानक आणि १० पीपीएम ही त्यातल्या गंधकाची कमाल मर्यादा. आपल्या पंपावरच्या बीएस-६ डिझेललाही एप्रिल २०२०पासून तीच मर्यादा आहे. जामनगरहून डिझेल युरोपला निर्यातही होत आलंय. म्हणजे यात दुर्मीळ, गुप्त असं काही नाही.

आता भाव. डिझेलचा बाजारभाव रोज जाहीर होतो आणि खरे सौदे त्याच्या आसपासच होतात. मेसेजमधला ‘विक्रेता’ मात्र टनामागे ५० डॉलर सहज सोडतो. २ लाख टनांवर ते होतात महिन्याला १ कोटी डॉलर! ज्याच्याकडे खरंच माल आहे, तो एवढा पैसा अनोळखी लोकांवर का उधळेल? शिवाय मध्यम आकाराचं टँकर जहाज ३५-४० हजार टन नेतं. दर महिन्याला अशी पाच-सहा जहाजं भरणारा माणूस गिऱ्हाईक शोधायला तुमच्या ग्रुपवर येईल?

तो येतो, कारण विकायचं डिझेल नसतंच. खरेदीदार सापडला की सांगितलं जातं, माल टाकीत तयार आहे, तपासणीआधी टाकीचं भाडं भरा. साठवणूक कंपनीची वेबसाइट असते, पावती असते, शिक्के असतात. पैसे पोहोचले की फोन बंद. अशा बनावट कंपन्यांपासून सावध राहा, असं रॉटरडॅमचं बंदर प्रशासनच सांगत आलंय.

तोवर साखळीतल्या दहा जणांनी दलालीच्या वाटणीच्या करारावर सह्या केलेल्या असतात. बाजारात तुरी अन् घरात मारामारी! त्या दहांचं फार काही जात नाही, जातं ते अकराव्याचं. त्याने विश्वास ठेवलेला असतो ओळखीच्या माणसावर, म्हणजे तुमच्यावर. ठगाला हवी होती ती हीच ओळख, आणि ती तुम्ही फुकट दिलीत.

दलाली हा धंदा खराच आहे. लंडन, जिनिव्हा, सिंगापूरला तेलाचे दलाल आहेत. त्यांना दोन्ही बाजू ठाऊक असतात. जहाज, विमा, बँकेचं पतपत्र, मालाची तपासणी यांतलं कळतं. आणि मिळते पिंपामागे काही सेंट दलाली. मार्केट यार्डातल्या ज्या अडत्याला आपण शिव्या घालतो, तोही कांदा हातात घेऊन बघतो.

‘नोकऱ्या नाहीत, मग पोरांनी करायचं काय?’ प्रश्न खरा आहे, रागही खरा आहे. पण एका बेकाराने दुसऱ्याला गळाला लावणं हे त्याचं उत्तर कसं होईल? याला ‘उद्योजकता’ म्हणून सेमिनारात टाळ्या घेणाऱ्यांना तर हा प्रश्न आधी विचारायला हवा.

पुढचा मेसेज आला की एवढंच विचारा : माल कोणी पाहिलाय? उत्तरात आणखी एका दलालाचा नंबर आला, तर तो मेसेज तुमच्या फोनमध्येच मरू द्या.