समुद्रांत पाहण्याचें साहित्य : घरचें कीं भाड्याचें?

आमच्या पांचगणीस समुद्राचें वेड कोठून लागलें, असा प्रश्न परगांवच्या वाचकांस पडेल. बाराशे मीटरांहून अधिक उंचीवर राहणारीं, पावसाळ्याचे चार महिने धुक्यांत काढणारीं आम्ही माणसें. आमचें पाणी म्हणजे खालच्या खोऱ्यांतली कृष्णा आणि तिच्यावरील धोमचा जलाशय. परंतु अलीकडे दिवाळीची किंवा नाताळची सुटी जवळ आली, कीं येथील घरोघरीं मालवणचे बेत शिजूं लागतात. साताऱ्यावरून कोल्हापूर, तेथून राधानगरी-दाजीपूरच्या वाटेनें फोंडा घाट उतरून कणकवली आणि मालवण, असा तीनशे किलोमीटरांच्या आसपासचा हा प्रवास आहे. पूर्वी मालवणास जाणें म्हणजे सिंधुदुर्ग पाहणें, आणि परततांना काजू व कोकम बांधून आणणें. आतां त्यांत आणखी एक कलम वाढलें आहे. तोंड पाण्यांत घालून, नळीनें श्वास घेत, समुद्राचा तळ पाहावयाचा. ह्यास लहानथोर सर्वच स्नॉर्केलिंग म्हणतात, म्हणून आम्हीही तोच शब्द वापरतों.

ह्या मोसमांत एकच प्रश्न आम्हांस तीन घरांतून विचारण्यांत आला. डोळ्यांवरचा मास्क, तोंडांतली नळी आणि पायांतले बदकासारखे पंजे, ज्यांस फिन्स म्हणतात, हें सारें विकत घेऊन बरोबर न्यावें, कीं तेथें मिळेल तें वापरावें? विचारणारे सर्व नवशिके; दोघांस तर धड पोहतांही येत नाहीं. आमचें उत्तर आरंभींच सांगून टाकतों. मास्क आणि नळी आपली असावी. पंजे घेऊं नयेत. आणि विकत घेतलेल्या ह्या वस्तूंच्या भरंवशावर लाइफ जॅकेट व तेथला गाइड ह्या दोहोंस क्षणभरही सोडूं नये. पैसे वांचतील म्हणून मात्र कोणीं खरेदी करूं नये. तेथें जें शुल्क घेतात त्यांतच साहित्य धरलेलें असतें, आणि आपलें नेलें म्हणून तें कमी होईल अशी आशा फारशी नाहीं.

मग आपलें कां असावें? पाण्यांत उघड्या डोळ्यांनीं धूसर कां दिसतें, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. डोळ्याचें पारदर्शक आवरण प्रकाशकिरणांस वळवितें, तें त्याच्यापुढें हवा असते म्हणून. हवेच्या जागीं पाणी आलें, कीं तें वळविणें जवळजवळ थांबतें. म्हणून डोळ्यांपुढें हवेचा एक कप्पा धरावा लागतो. मास्क म्हणजे तो कप्पा. त्याच्या कांचेंतून पाहतांना वस्तु सुमारे एक-तृतीयांशानें मोठी भासते. वाटीच्या तळाशीं नाणें ठेवून वर पाणी ओतलें म्हणजे तें उचलल्यासारखें दिसतें, हा शाळेंतला प्रयोग ज्यांस आठवतो, त्यांस ह्यांत नवल वाटावयाचें नाहीं. नातू बाहेर येऊन ‘एवढा मोठा मासा’ म्हणून हात पसरूं लागला, तर त्यास खोटें बोलणारा म्हणूं नये. त्यानें दाखविलेल्या लांबींतून चौथा हिस्सा वजा करावा.

आतां हा हवेचा कप्पा ज्याच्या त्याच्या चेहऱ्यावर घट्ट बसला पाहिजे, आणि चेहरे तर सर्वांचे वेगळे. तपासण्याची रीत सोपी आहे. पट्टा मागें टाकून मास्क नुसता चेहऱ्यावर टेकावा आणि नाकानें हलका श्वास आंत ओढावा. हात सोडल्यावरही तो जागींच राहिला, तर तो आपला. खालीं पडला, तर कितीही महाग असो, आपला नव्हे. पट्टा आवळून ही उणीव भरून निघत नाहीं, उलट कड दुमडून पाणी अधिकच शिरतें. मिशा राखणाऱ्यांस येथें थोडी तडजोड करावी लागते. नाकाखालचे केस कडेखालीं आले कीं पाणी हळूहळू झिरपतें, म्हणून तेवढी पट्टी बारीक कापून घ्यावी. आणि पोहण्याचा साधा चष्मा घरांत आहे म्हणून तो उचलूं नये. त्यांत नाक बाहेर राहतें. किंचित खालीं गेलें, कीं पाण्याच्या दाबानें तो डोळ्यांस चोखल्यासारखा आवळतो. मास्कांत नाक आंत असल्यामुळें नाकानें थोडी हवा सोडून तो दाब सारखा करतां येतो.

सर्वांत मोठी सोय आहे ती चष्मा लावणाऱ्यांची. मास्काखालीं नेहमींचा चष्मा घालतां येत नाहीं, कारण काड्यांच्या फटींतून पाणी येतें. ज्याचा नंबर मोठा, तो भाड्याचा मास्क लावून समुद्रांत उतरला म्हणजे दक्षिणा देऊन देवळांत डोळे मिटून उभा राहिल्यासारखेंच झालें. नंबराच्या कांचा बसविलेले मास्क मिळतात, ते मात्र आधींच मागवावे लागतात. आमच्यासारख्या पुस्तकी घरांत चष्मा नाहीं असा माणूस शोधावा लागतो. तेव्हां घरचा मास्क न्यावा असें म्हणण्यास एवढें एकच कारण आम्हांस पुरेसें वाटतें.

नळीची गोष्ट निराळी. तिचें रबरी टोक दांतांत धरावयाचें असतें. तेंच टोक काल दुसऱ्याच्या, परवां तिसऱ्याच्या तोंडांत होतें. चांगले व्यावसायिक तें जंतुनाशकांत बुडवून धुतात हें खरें; तरी ज्या घरांत आजही उष्टें-खरकटें पाळतात, तेथील आजीबाईंस तें पटवून देण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. ह्या बाबतींत जुनें सोवळें आणि नवें आरोग्यशास्त्र एकाच पाटावर बसतात. एवढ्यासाठींच, एकत्र कुटुंबांत नऊ माणसांत एक जोड घेऊन आळीपाळीनें वापरूं, हा काटकसरीचा विचार सोडावा. ज्यांस खरोखर उतरावयाचें आहे त्या दोघां-तिघांनींच आपापला जोड घ्यावा. बाकीच्यांनीं होडींतून सिंधुदुर्ग पाहावा. १६६४ सालीं महाराजांनीं बांधावयास घेतलेला तो किल्ला वरूनही पाहण्याजोगा आहे.

विकत घेतलेल्या साहित्याचा खरा लाभ मात्र अजून सांगावयाचा आहे. तें आठ दिवस आधीं घरांत असतें, म्हणजे सराव घरींच होतो. नव्या कांचेवर कारखान्यांतला एक पातळ थर राहिलेला असतो; साध्या पांढऱ्या दंतमंजनाच्या लगद्यानें ती दोन-तीनदां चोळून धुवावी, नाहींतर कांहीं केल्या दिसत नाहीं. तरीही कांचेवर वाफ धरते. पांचगणीकरांस ह्याचें कारण सांगावयास नको. खोऱ्यांतली ओली हवा टेबललँडच्या गार माथ्यास भिडली कीं जें होतें, तेंच येथें श्वासाच्या वाफेचें गार कांचेवर होतें. जाणते लोक उतरण्यापूर्वीं कांचेच्या आंतून थुंकी फिरवून ती विसळतात. ज्यांस हें किळसवाणें वाटेल त्यांनीं लहान मुलांच्या शांपूचा एक थेंब पाण्यांत कालवून लावावा.

मग न्हाणीघरांत रुंद घंगाळ भरून त्यांत तोंड घालावें आणि नळीनें सावकाश श्वास घ्यावा. पहिल्या वेळीं छाती धडधडते. तोंड पाण्यांत असतां श्वास घेऊं नये हें शरीर जन्मतः जाणतें, आणि तें विसरावयास त्यास थोडा वेळ द्यावा लागतो. हा वेळ घंगाळापाशीं दिलेला बरा, कीं लाटेवर? नळींत थोडें पाणी जाऊं द्यावें आणि ‘टू’ असा जोरानें फुंकर मारून तें बाहेर उडवावें. हें दहा वेळां जमलें, कीं पोहण्याच्या तलावांत उथळ बाजूस, कोणी जाणता जवळ उभा असतां, तेंच करावें. धोमच्या जलाशयांत किंवा वाईच्या डोहांत हा सराव मुळींच करूं नये. नवशिक्यास जो घोटाळा होतो, तो मास्कांत चार थेंब शिरल्यावर हातपाय झाडल्यानें होतो. ते चार थेंब घरीं अनुभवलेले असले, तर समुद्रांत मन स्थिर राहतें.

येथें नळीविषयीं एक भ्रम दूर केला पाहिजे. महाभारताच्या शल्यपर्वांत दुर्योधन द्वैपायन ह्रदांत जाऊन लपला, तो मायेनें पाणी स्तंभित करून. सिनेमांतला नायक मात्र लांब बोरू तोंडांत धरून घटकाभर तळाशीं बसतो, आणि मुलें तें खरें मानतात. एक मीटर खोलीवर छातीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरावर शंभर ग्रॅमांचें जास्त ओझें येतें, आणि तें उचलून फुप्फुसें फुगविणें थोड्याच वेळांत अशक्य होतें. शिवाय लांब नळींतली उच्छ्वासाची शिळी हवाच पुनः आंत येते. म्हणून नळी दीड वीतभर असते. तिला दुसरी जोडून लांब करण्याची कल्पकता कोणीं दाखवूं नये.

ह्याहून गंभीर अशी एक गोष्ट आहे, आणि ती आमच्या वाचकांस विशेष लागू पडते. आपल्यापैकीं अनेकांस प्राणायामाचा सराव आहे. तेव्हां चार वेळां भस्त्रिका करून, कुंभक साधून बुडी मारली तर अधिक वेळ खालीं राहतां येईल, असें वाटणें स्वाभाविक आहे. ह्यांतच घात आहे. श्वास घ्यावा ही तळमळ प्राणवायु कमी झाल्यानें नव्हे, तर मुख्यतः रक्तांतील कर्बवायु वाढल्यानें होते. भरभर श्वास सोडून तो कर्बवायु आधींच उडवून दिला, तर तळमळ होतच नाहीं. इकडे प्राणवायु संपत जातो आणि माणूस कोणतीही सूचना न मिळतां पाण्यांत बेशुद्ध होतो. चांगले पोहणारे, धडधाकट तरुण अशा रीतीनें गेलेले आहेत. आसनावर बसून केलेल्या भस्त्रिकेनें भोंवळ आली तर माणूस सतरंजीवर कलंडतो. पाण्यांत सतरंजी नसते. नवशिक्यानें पृष्ठभागावरच तरंगावें, संथ श्वास घ्यावा, बुडी मारूं नये. हृद्रोग किंवा दमा असणाऱ्यांनीं आपल्या डॉक्टरांस विचारल्यावांचून उतरूं नये.

पंजे कां नकोत, तें थोडक्यांत. ते प्रवासांत जागा अडवितात, उथळ खडकाळ पाण्यांत ज्यास वापरतां येत नाहींत त्याच्या पायांत गोळे आणतात, आणि मागच्याच्या तोंडावर व खालच्या प्रवाळावर आदळतात. नवशिक्यास गाइड टायरला किंवा दोरीला धरून नेतो. तेथें पंजांचें काम काय? सबंध चेहरा झाकणारे, नाकातोंडानें एकदमच श्वास घेतां येईल असे मुखवटे २०१४ पासून बाजारांत आले आहेत, त्यांचाही मोह टाळावा. चांगले असतील तेही. पण पाणी शिरल्यास तोंडांतून नळी थुंकून टाकण्याइतकें सहज ते काढतां येत नाहींत.

राहतां राहिला भरंवसा. पिशवींत स्वतःचें साहित्य असलें, कीं तरुणांस वाटतें, आतां गाइड कशाला, किनाऱ्यावरूनच उतरूं. २०१७ च्या एप्रिलांत मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगांवच्या एका महाविद्यालयाच्या सहलींतील आठ जण बुडाले. २४ मे २०२२ रोजीं तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघे दगावले. पहिल्या घटनेवरून परक्या किनाऱ्यावर आपल्या मनानें उतरूं नये हें कळावें, आणि दुसरीवरून, जॅकेट पाण्यांत शिरतांना नव्हे, होडींत पाय ठेवतांनाच बांधावें हें. तेथील प्रवाह, खडक आणि वारा कोठल्या घटकेस कसा असतो, तें त्या पाण्यावर वाढलेल्या कोळ्यांच्या मुलांस ठाऊक असतें. विशीबाविशीचा गाइड ‘आज नको’ म्हणाला, तर साठीच्या आजोबांनींही तें निमूट ऐकावें.

सिंधुदुर्गाभोंवतींचें हें पाणी १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्यानें रक्षिलेलें आहे. त्यास दगड समजून त्यावर उभें राहूं नये, आणि मोडका तुकडा देवघरांत ठेवण्यासाठीं म्हणून सुद्धां उचलूं नये. मासे जवळ यावेत म्हणून पाव टाकण्याची चाल दिसते, तीही आम्हांस पसंत नाहीं. आपलीं मुलें मासा ताटांत पाहत नाहींत. पाण्यांत प्रथमच पाहणार, तर तो आपला आपण शेवाळ खरवडीत असतांना त्यांनीं पाहावा. पावसानंतरचा गढूळपणा बसला, कीं साधारणतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस त्यास उत्तम. त्यांतही सकाळ साधावी.

परतल्यावर मास्क व नळी गोड्या पाण्यांत अर्धा तास बुडवून सावलींत वाळवावी. गच्चीवर उन्हांत टाकूं नये, आणि घाट चढतांना मोटारीच्या कांचेजवळही ठेवूं नये. मास्क कठीण डब्यांतच असावा, म्हणजे त्याची कड दबून वांकडी होणार नाहीं. जून लागला कीं मालवणच्या होड्या ऑगस्ट अखेरपर्यंत बंद राहतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत आमच्याकडे पुस्तकांस व चपलांस बुरशी चढते. ती मास्काच्या पांढऱ्या कडेसही सोडीत नाहीं. काळे ठिपके एकदां पडले कीं जात नाहींत. म्हणून आषाढापूर्वीं तो डबा एकदां उघडून, कोरड्या फडक्यानें पुसून, चुलीच्या बाजूच्या कोरड्या फडताळांत ठेवावा.