शेतकऱ्याला कसला इन्कम टॅक्स?

बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याच्या पट्ट्यात इन्कम टॅक्सचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते : "आम्ही शेतकरी माणसं, आम्हाला कसला टॅक्स?" 2025 च्या अर्थसंकल्पापासून त्याला दुसरे जोडले गेले आहे : "आणि बारा लाखांपर्यंत माफच आहे की!" दोन्ही वाक्यांत तथ्य आहे. पण त्यांच्या भरवशावर जो स्वस्थ बसतो त्याचेच पैसे जातात, हे मला ठासून सांगायचे आहे. (इथले आकडे 2025-26 चे, 1961 च्या कायद्यातले. 1 एप्रिल 2026 पासून नवा कायदा आल्याने कलमांचे आणि फॉर्मांचे क्रमांक बदलले आहेत.)

उसाचे बिल करमुक्त आहे, यात वाद नाही. पण दुधाच्या बिलाचे काय? वैरण आपल्याच रानातली, उसाचे वाडे आपलेच, तेव्हा गोकुळ दूध संघाचे बिलही शेतीचेच, असा युक्तिवाद होतो. तो व्यवहाराला पटतो, कायद्याला पटत नाही. जमिनीची मशागत, पेरणी अशी मूळ कामे जिथे नाहीत तिथे शेती नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्येच ठरवले. म्हणून दूध हा धंदा. कारखान्याच्या शेअरवरच्या लाभांशालाही शेतीचा आसरा मिळत नाही. मुंबईच्या बच्चा गुझदार यांनी हाच मुद्दा चहाच्या कंपन्यांबाबत न्यायालयात नेला होता. कंपनीचे 60 टक्के उत्पन्न शेतीचे, मग माझा लाभांशही तेवढा शेतीचा का नाही? 1954 मध्ये उत्तर मिळाले : भागधारकाला पैसा शेअरमुळे मिळतो, जमिनीतून नव्हे. कारखान्यातल्या ठेवीवरचे व्याजही त्याच वाटेने जाते.

"मग हे सगळे न दाखवलेलेच बरे," असे कोणी म्हणेल. का बरे? वर्षाला 6 लाखांचे दूध घातले आणि पैसे खात्यावर जमा झाले, तर छोट्या धंद्याच्या ठोक हिशेबाने त्यातले 6 टक्के, म्हणजे 36,000 रुपये, नफा म्हणून दाखवले तरी चालते. एवढ्यासाठी लपवाछपवी कशाला? व्याज आणि लाभांश पॅनवर नोंदले जाऊन आयकराच्या पोर्टलवरच्या वार्षिक माहितीपत्रकात दिसतात. तिथे असलेली रक्कम विवरणात नसली की नोटीस येते, आणि तिची धास्ती कराहून मोठी असते.

आता बारा लाख. नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंत सूट मिळून कर शून्य होतो हे खरे; मात्र शेअर विकून झालेल्या नफ्यासारख्या काही उत्पन्नांवरच्या करात ती सूट नाही. शिवाय उत्पन्न 4 लाखांवर गेले की कर शून्य असला तरी विवरणपत्र भरावेच लागते. बँकेला तर तुमच्या बारा लाखांशी देणेघेणेच नाही.

समजा, कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगाराने फंड आणि ग्रॅच्युइटीचे 20 लाख बँकेत 7 टक्क्यांनी ठेवले. व्याज 1,40,000. पेन्शन महिन्याला दोन-अडीच हजार. कर एक रुपयाही नाही. पण ज्येष्ठ नागरिकाचे व्याज 1 लाखावर गेले (इतरांचे 50,000 वर) की बँक 10 टक्के कापते : 14,000 रुपये, म्हणजे सहा महिन्यांची पेन्शन. वर्षाच्या सुरुवातीला, आपल्याला कर लागत नाही असे सांगणारा 15एच फॉर्म दिला असता तर हे कापलेच गेले नसते. तो राहिला असेल तर 31 जुलैपर्यंत विवरणपत्र भरले की परतावा मिळतो. "कापलं म्हणजे सुटलो" म्हणणारा मात्र 14,000 वर पाणी सोडतो.

याच्या उलट समजूत पतसंस्थेची. तिथे सभासदाच्या व्याजातून सहसा काही कापत नाहीत, म्हणून ते करमुक्त मानले जाते. कपात नाही म्हणजे कर नाही, असे कुठे लिहिले आहे? सहकारी बँकाही 1 जून 2015 पूर्वी सभासदाच्या मुदत ठेवीवर कापत नव्हत्या, तेव्हाही ते व्याज उत्पन्नात धरावेच लागत होते. ज्येष्ठांना व्याजावर मिळणारी 50,000 ची वजावट बँक आणि पोस्टाच्या ठेवींना आहे, तीही जुन्या पद्धतीत. साध्या पतसंस्थेच्या ठेवीला ती मिळत नाही.

लोकच निष्काळजी, असे म्हणून हात झटकणारेही भेटतात. मला ते मान्य नाही. ज्या काउंटरवर ठेवपावती लिहिली जाते, तिथेच साठीच्या माणसापुढे 15एच का ठेवला जात नाही? वार्षिक सभेच्या अहवालात ताळेबंदाला पाने मिळतात. सभासदाच्या व्याजाचे, लाभांशाचे काय करायचे याला अर्धे पान मिळायला काय हरकत आहे? दोष सरकारचाही आहे. ऊस करमुक्त म्हणायचा, आणि शेती-उत्पन्न 5,000 च्या वर गेले की "सहज" हा सोपा फॉर्म हातातून काढून घ्यायचा. 3,550 रुपये टनाच्या मूळ एफआरपीने, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दराने, चार-पाच गुंठ्यांचा ऊसही ती मर्यादा ओलांडू शकतो. गावच्या शाळामास्तरांना तेवढ्या उसापायी लांबलचक फॉर्म भरावा लागतो आणि त्यासाठी कुणाला तरी पैसे मोजावे लागतात. ती मर्यादा निदान लाखावर न्यावी.