एकशेवीस मिलिमीटर पुरे!

परवा हापिसात जेवताना टीममधल्या एका मित्राने मला गाठलं. बोनस झाला होता, स्वारी खुशीत होती. "अरे, माउंटन बाइक घ्यायची ठरवलीय. १६० घेऊ की १७०?"

मंडळी, हे आकडे मिलिमीटरचे. खड्ड्यात किंवा दगडावर गेल्यावर सायकलचं सस्पेन्शन जास्तीत जास्त किती दबतं, त्याला 'ट्रॅव्हल' म्हणतात. पण मित्राने हे असं विचारलं की जणू फोनचं स्टोरेज आहे, जास्त ते चांगलं! मी म्हटलं, "१२० घे." तर त्याचा चेहरा असा पडला, की चहा सांगितलेल्या माणसापुढे मी काढा ठेवलाय. म्हणून म्हटलं, या वीकांताला सगळं नीट लिहूनच काढावं.

आधी कबुली. मीसुद्धा पहिली सायकल १६०चीच घेतली होती. जालावर कॅनडातल्या जंगलातल्या उड्यांचे व्हिडिओ रात्र रात्र बघितले, आणि तसं जंगल आपल्या पाषाण-कोथरूडमध्ये नाही हा बारीकसा तपशील विसरलो. वेताळ टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, पुणे साधारण ५६० मीटर. म्हणजे पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढ जेमतेम दोनशे-अडीचशे मीटरचा. वर पठार, खाली मुरूम, मधे काळ्या दगडाच्या पायऱ्या आणि थोडा घसारा. यासाठी मी पंधरा किलोची, उड्या मारायला बनवलेली सायकल घेऊन रोज सकाळी धापा टाकत वर जात होतो. चढावर पुढचं चाक मुंगळ्यासारखं इकडे-तिकडे भरकटायचं. उतारावर मात्र राजेशाही थाट. दगड लागतोय की गादी, तेच कळायचं नाही.

आणि नेमका तिथेच घोटाळा झाला.

एका रविवारी झाडीतल्या वळणावरून मी जोरात खाली येत होतो. जोरात म्हणजे नक्की किती, ते मला जाणवतच नव्हतं, कारण सायकल सगळं गिळून टाकत होती. वळलो तर समोर कानटोपी घातलेले एक आजोबा, हातात काठी. ब्रेक दाबले, मागचं चाक मुरमावर घसरलं आणि मी सायकलसकट बाजूच्या बोराटीत! कोपराला चार टाके पडले, गिअरचा हँगर वाकला. आजोबांना धक्का लागला नाही, पण आमच्या दोघांत अंतर किती होतं हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो. मी काटे काढत विचारलं, "आजोबा, लागलं नाही ना तुम्हाला?" ते म्हणाले, "मला काय होतंय? तुझं बघ आधी." मग माझ्या सायकलकडे एकवार बघून म्हणाले, "एवढं कुठे पोचायचंय तुला?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. दहा मिनिटं तिथेच दगडावर बसून राहिलो. हात थरथरत होते.

आता तुम्ही म्हणाल, चूक तुझी, सायकलला कशाला नावं ठेवतोस? मान्य, शंभर टक्के मान्य. ब्रेक माझ्याच हातात होते. पण अवजाराचा माणसावर परिणाम होतोच. १६०ची सायकल ताशी पस्तीसच्या खाली कंटाळते, आणि तिच्यावर बसलेला माणूसही. १२०च्या सायकलवर ताशी वीसला सुद्धा प्रत्येक दगड हाताला कळतो, प्रत्येक वळण विचार करायला लावतं. मजा तेवढीच, वेग निम्म्याच्या जवळपास. जिथे सकाळी निम्मं शहर चालायला येतं, कुणी कुत्र्याला घेऊन, कुणी नातवाला, तिथे हा फरक महत्त्वाचा आहे. म्हणजे प्रश्न फक्त माझ्या मजेचा उरत नाही.

थोडा इतिहास सांगतो. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत १९७६ साली काही पोरांनी एका डोंगरी कच्च्या रस्त्यावर शर्यती सुरू केल्या. सायकली जुन्यापुराण्या, जाड टायरच्या, सस्पेन्शन शून्य मिलिमीटर! उलटं पॅडल मारून लागणारा ब्रेक एका उतारात इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि पुन्हा भरावं लागायचं. म्हणून शर्यतीचं नावच 'रीपॅक'. गॅरी फिशरचा तिथला विक्रम ४ मिनिटं २२ सेकंदांचा. १९७७ मध्ये जो ब्रीझने खास या कामासाठी सायकल बांधायला घेतली, आणि पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहेच.

पण या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग फारसा कुणी सांगत नाही. १९८०च्या दशकात त्याच मरिनमध्ये चालणाऱ्यांच्या आणि घोडेस्वारांच्या तक्रारी वाढल्या आणि अनेक अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या. जिथे खेळ जन्मला, तिथेच दार लावलं गेलं! अशी दारं बंद होऊ लागली म्हणूनच १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या क्लबांनी मिळून 'इम्बा' ही संघटना काढली. वाटेवर चालणाऱ्याला आधी वाट द्या, हा तिच्या नियमांपैकी एक. आपल्या टेकड्यांवर ही वेळ यायला चार अपघात पुरेत. आणि मग "टेकडी वाचवा" म्हणून आपण हातात फलक घेतले, तर चालणारे आपल्या बाजूने का उभे राहतील?

असो. भाषण पुरे, कामाचं बोलू.

निवड

लहान ट्रॅव्हलची ट्रेल बाइक म्हणजे मागे साधारण ११५ ते १३०, पुढे १२० ते १४० मिलिमीटर. सांताक्रूझची टॉलबॉय (मागे १२०, पुढे १३०) किंवा ट्रान्झिशनची स्पर (दोन्हीकडे १२०) ही या जातीची नावाजलेली उदाहरणं. किमती बघून भोवळ येईल, त्यामुळे नुसती जात समजून घ्या. पाहायचं असतं ते असं:

एक, भूमिती. पूर्वी पुढच्या नळीचा कोन ७० अंशांच्या आसपास असायचा, म्हणून तीव्र उतारावर हॅण्डलवरून पुढे जाऊन पडू असं वाटायचं. आता याच जातीत तो ६५ ते ६७ असतो. ट्रॅव्हल न वाढवता सायकल धीराची झाली ती यामुळे. आपल्याला जो आत्मविश्वास जास्त सस्पेन्शनमधून येतो असं वाटतं, तो पुष्कळदा या कोनातून आणि लांब चाकांतरातून आलेला असतो.

दोन, माप. दुकानदार 'मीडियम', 'लार्ज' म्हणतो त्यावर जाऊ नका, 'रीच' विचारा. उभं राहून चालवताना सायकल किती लांब वाटेल हे त्यावरून कळतं. माझी उंची १७३ सेंटिमीटर, मला ४५०च्या आसपासचा रीच बरोबर बसतो. दोन मापांच्या मधे असाल तर दोन्ही चालवून बघा, मगच पैसे द्या.

तीन, ब्रेक, टायर आणि ड्रॉपर पोस्ट, म्हणजे बटण दाबून खाली जाणारी सीट. कार्बनच्या फ्रेमऐवजी पैसे इथे घाला. उतारावर सीट खाली गेली की माणूस सायकलच्या *आत* उभा राहतो. ज्याने हे एकदा अनुभवलं, तो परत जुन्याकडे जात नाही.

आणि बजेट कमी असेल तर सरळ हार्डटेल घ्या: पुढे चांगला १२०चा फोर्क, मागे काही नाही. स्वस्तातलं फुल सस्पेन्शन म्हणजे टेस्ट केसेस न लिहिता शिप केलेला कोड. डेमोत छान, तिसऱ्या पावसात कुरकूर.

जुळवणी

माझं ठाम मत: निवडीवर आपण तीन महिने घालवतो आणि जुळवणीवर तीन मिनिटं. व्हायला पाहिजे उलटं. लहान ट्रॅव्हलमध्ये तर जास्तच, कारण चूक झाकायला जादा मिलिमीटर शिल्लक नसतात.

नियम एकच, जो आपण डीबगिंगला वापरतो: एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि लिहून ठेवा. मी फोनमध्ये नोंद ठेवतो, तारखेसकट.

आधी अंगाचं. टाच पॅडलवर ठेवून पॅडल खाली असताना गुडघा सरळ झाला पाहिजे, ही सीटच्या उंचीची सुरुवात. ब्रेक लिव्हर एका बोटाने दाबता येईल इतके आतल्या बाजूला सरकवा.

मग टायर. ट्यूबलेस करून घ्याच. बाभळीच्या राज्यात ट्यूब वापरणं म्हणजे दर रविवारी पंक्चर काढणं. २.४ इंची टायरमध्ये मी पुढे २१ आणि मागे २४ पीएसआय ठेवतो (पाठीवरच्या पाण्यासकट माझं वजन ७७ किलो). गावातल्या सवयीने ४० भराल तर मुरमावर चाक धरणार नाही, आणि दोष सस्पेन्शनला द्याल. सीलंट आपल्या उन्हात लवकर वाळतं, दोन-तीन महिन्यांनी बघत जा.

मग सॅग. पूर्ण सामानासह सायकलवर स्थिर बसल्यावर सस्पेन्शन जेवढं दबतं तो सॅग. मागे २५ ते ३० टक्के, पुढे १५ ते २० टक्के. लक्षात घ्या, मागचं मोजमाप शॉकच्या दांड्यावर करायचं, चाकावर नाही. माझ्या शॉकचा स्ट्रोक ४५ मिलिमीटर, त्याचे २८ टक्के म्हणजे साडेबारा-तेरा. रबरी कडी वर सरकवा, हळूच बसा, हळूच उतरा, मोजपट्टी लावा. सुरुवातीला पौंडांत जेवढं वजन तेवढे पीएसआय भरा. माझे १७० होते, अखेर १६५वर स्थिरावलो. हवा भरताना मधे मधे सायकल आठ-दहा वेळा दाबा, म्हणजे शॉकच्या दोन्ही कप्प्यांत हवा सारखी वाटली जाते. मला हे माहीत नव्हतं, आणि पहिला महिना चुकीच्या सॅगवर काढला!

मग रीबाउंड, म्हणजे दबलेलं सस्पेन्शन किती वेगाने परत येतं ते. फुटपाथच्या कडेवरून बसूनच खाली उतरा. सायकल एकदा हलून शांत झाली तर ठीक. दोन-तीनदा डुचमळली तर वेग कमी करा. फार हळू ठेवलंत तर ओळीने दगड आले की शॉक परत वर यायच्या आतच पुन्हा दबत जाईल, आणि शेवटी दगडासारखा कडक लागेल. कॉम्प्रेशनची बटणं शेवटी. तोवर ती पूर्ण उघडी ठेवा.

तपासणी सोपी आहे. नेहमीची फेरी मारून घरी आल्यावर कडी बघा. त्या दिवसाच्या सगळ्यात मोठ्या दणक्याला जवळपास पूर्ण ट्रॅव्हल वापरलं गेलं असेल तर जुळवणी बरोबर. तीस मिलिमीटर नेहमीच शिल्लक राहत असतील, तर तुम्ही १२०चे पैसे देऊन ९०ची सायकल चालवताय. माझी १६०ची आठवते. वर्षभरात तिची कडी एकदाही टोकाला गेली नव्हती. तेव्हाच कळायला हवं होतं.

शेवटचा मुद्दा

मोठ्या ट्रॅव्हलला माझा विरोध नाही. मनालीच्या बाजूला मोठे, लांब उतार उतरायला जाणार असाल तर जरूर १६० घ्या, किंवा तिथे भाड्याने मिळाली तर उत्तमच. पण वर्षातल्या पन्नास रविवारांसाठी सायकल घ्यायची असते, दोन रविवारांसाठी नाही. आणि ते पन्नास रविवार आपले एकट्याचे नाहीत. टेकडीवर घंटी लावा, चालणाऱ्याला आधी वाट द्या, आंधळ्या वळणावर वेग अर्धा करा, भर पावसात चिखलाच्या पायवाटेवर चर पाडू नका, आणि जिथे वनखात्याने मनाई केलीय तिथे जाऊ नका.

ते आजोबा आजही अधूनमधून भेटतात. आता मी वळणाआधी घंटी वाजवतो, ते काठी वर करतात. बोलणं फारसं होत नाही.

तर मित्रा, हे वाचत असशील तर बोनस दोन आठवडे खात्यातच राहू दे. रविवारी सकाळी साडेसहाला पायथ्याशी ये, माझी चालवून बघ. शॉक पंप मी आणतो, तू फक्त वजन खरं सांग.