आधी छप्पर, मग भिंती

घर पाहावे बांधून, असे आपले वडीलधारे म्हणत आले. इंदूरच्या आसपासच्या खेड्यांत अजूनही पुष्कळ शेतकरी कुटुंबे सगळे काम गवंड्यावर न टाकता स्वतःच्या हातांनी घर उभारतात. पैसा वाचतो, घरची माणसे एकत्र राबतात. हे चांगलेच आहे. पण त्यात एक चूक वारंवार होते. ती आम्हीही केली आहे, म्हणून हे लिहीत आहोत.

गहू निघाल्यावर आम्ही काम काढले. हौसेने आधी मातीच्या चारही भिंती चढवल्या. छपराचे लाकूड मे अखेरीस मिळाले, तेही ओले. जूनच्या आरंभीच वळवाचा जोराचा पाऊस झाला आणि एका रात्रीत मागची भिंत खचली. ताडपत्री ताणून चार महिने काढले. घरात ओल मुरली, बुरशी धरली आणि आमच्या आजीला दम्याने बेजार केले. औषधाला गेलेल्या पैशांत कौले आली असती.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, आपल्या माळव्यात हाताने बांधायचे घर लाकडी सांगाड्याचे असावे आणि त्यावर आधी छप्पर चढवावे. खांब, तुळया, आढे, वासे यांनी भार घेतला की भिंत केवळ आडोशापुरती उरते. ती कौलांखाली सावकाश भरता येते. आपले भिल्ल बांधव असेच खांबांवर छप्पर तोलून मग कूड लिंपतात. मात्र भिंती नसताना सांगाडा डुलतो, म्हणून कोपऱ्यांत तिरकस टेके द्यावेत. पत्रे घालणार असाल तर वळवाचे वादळ ध्यानात ठेवून वासे तुळईला, तुळई खांबाला आणि खांब जोत्याला लोखंडी पट्टीने जखडावा.

नॉर्वे, फिनलंड, रशिया या देशांत ओंडक्यावर ओंडका रचून घरे बांधतात. तेथे सरळ वाढणारी झाडे विपुल. ओंडके वाळतात तशी भिंत खाली बसते, म्हणून दार-खिडकीच्या वर ते मुद्दाम फट सोडतात. आपल्याकडे तसे घर बांधायचे तर लाकूड फार लागेल, शिवाय वाळवीला मेजवानी होईल. परंतु त्यांचा धडा घेण्याजोगा आहे: लाकूड वाळताना आक्रसते, हे धरूनच बांधावे.

झाड हिवाळ्यात, पानगळीनंतर तोडावे. साल काढून लाकूड जमिनीपासून वर, सावलीत, मध्ये चिपा घालून रचावे आणि टोकांना डांबर फासावे, म्हणजे उन्हाळ्याच्या झळांनी ते चिरत नाही. जाड खांबाला एक उन्हाळा पुरत नाही, तेव्हा लाकडाची तयारी घराच्या आधी एक-दोन वर्षे सुरू करावी. सालीलगतचे फिकट लाकूड वाळवी लवकर खाते, आतला गाभा टिकतो. साग आपल्या शेतातला असला तरी तोडण्यापूर्वी व हलवण्यापूर्वी वन खात्याच्या कचेरीत चौकशी करावी.

आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरुमापर्यंत न्यावा, जोते उंच ठेवावे, खांब जमिनीत न पुरता दगडी बैठकीवर उभा करावा. इंदूरचा राजवाडा पाहा. सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. म्हणजे लाकूड जमिनीच्या ओलीपासून दूर! मात्र १९८४च्या दंगलीत त्याचा मोठा भाग जळाला, हेही विसरू नये. चूल आणि विजेच्या तारा लाकडापासून अंतर राखून असाव्यात, आणि स्वयंपाकघराचा धूर बाहेर जाण्यास वाट असावी.

एक सूचना आरोग्याची. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे औषध देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी १९३३ साली शोधले आणि ते जगभर गेले. औषध गुणाचे, पण त्यात आर्सेनिक आहे. असे लाकूड कापताना तोंडावर फडके बांधावे, आणि त्याचे तुकडे किंवा भुसा चुलीत कधीही घालू नये. धूर व राख दोन्ही विषारी असतात.

आता वेळेचे. आपल्याकडे पाऊस साधारण जूनच्या मध्यास लागतो, वळीव त्याआधीच गाठतो. गहू निघताच पाया आणि जोते, एप्रिलमध्ये सांगाडा, मे महिन्यात छप्पर, असा क्रम ठेवावा. मे संपेपर्यंत छप्पर होणार नाही असे दिसले, तर जोत्यावर काम थांबवावे, लाकूड झाकून ठेवावे आणि रब्बीची पेरणी उरकल्यावर पुन्हा हात लावावा. एक पावसाळा जुन्या घरात काढणे म्हाताऱ्या माणसांना परवडते, ओल्या नव्या घरात काढणे परवडत नाही.

खडकावर आणि वाळूवर घर बांधणाऱ्या दोघांचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. पाऊस आणि वारा दोघांच्याही घरांवर सारखाच आला होता. या वर्षी ज्यांनी घर काढण्याचे ठरवले आहे, त्यांनी पहिला खड्डा खणण्यापूर्वी आपले लाकूड वाळले आहे का, एवढे तरी पाहून घ्यावे.