सीतेच्या आसवांची भूक

भाद्रपदात साताऱ्याजवळचं कास पठार निळंजांभळं होतं. त्या रंगात मोठा वाटा ‘सीतेच्या आसवां’चा. फूल नखाएवढं, नाव हळवं. पण खाली ओल्या मातीत या वनस्पतीचे इवले फुगे शिकारीला टपलेले असतात. एखादा सूक्ष्म जीव दाराशी आला, की डोळ्याचं पातं लवण्याआधी पाण्यासकट आत ओढला जातो. शेजारची ‘दवबिंदू’ चिकट थेंबांवर कीटक धरते.

उन्हाच्या बळावर साखर तर दोघीही स्वतःच बनवतात. मग शिकार कशासाठी? जांभ्या खडकावर मातीचा थर पातळ. त्यातलं नत्र आणि स्फुरद धो धो पावसानं धुऊन नेलेलं. ती उणीव कीटकांच्या देहातून भरून निघते. चार्ल्स डार्विननं १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर अख्खं पुस्तक लिहिलं, ते या नवलापोटीच.

भूक सर्वांना सारखी. ती भागवण्याच्या वाटा मात्र ज्याच्या त्याच्या. हा अंक त्या वाटांविषयी आहे. वाचा, आणि कासला गेलात तर आखलेली पायवाट सोडू नका. आपल्या एका पावलाखाली कितीतरी भरली ताटं मोडतात.

– संपादक