हरण्याचाही हक्क

मॅनेजर म्हटले की आम्हा कॉमर्सच्या विद्यार्थ्यांपुढे बँकेतला मॅनेजर उभा राहतो. अमेरिकेतल्या बेसबॉलचा मॅनेजर निराळा. कोणी खेळायचे, फलंदाजीचा क्रम कसा लावायचा, दमलेला गोलंदाज केव्हा बदलायचा, हे सारे तोच ठरवतो. हुकूम त्याचा, आणि हरल्यावर बोलणीही त्यालाच.

जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला १९४७ मध्ये गोऱ्यांच्या मोठ्या लीगमध्ये प्रवेश मिळाला. पुढची सत्तावीस वर्षे कृष्णवर्णीयांनी मैदान गाजवले. पण हुकमाची जागा एकालाही मिळाली नाही. घाम चालत होता, अक्कल चालत नव्हती! ऑक्टोबर १९७२ मध्ये, मृत्यूच्या नऊच दिवस आधी, जॅकीने ही खंत भर मैदानात बोलून दाखवली.

अखेर फ्रँक रॉबिन्सन क्लीव्हलंडचा मॅनेजर झाला. नाव सारखे, नाते नाही. ८ एप्रिल १९७५ रोजी पहिल्या सामन्यात तो स्वतःही खेळला, पहिल्याच फलंदाजीत त्याने होमरन मारला आणि संघ जिंकला. जॅकीची पत्नी रेचेल तेथे हजर होती.

पण माझ्या मते खरी कसोटी पुढेच होती. जून १९७७ मध्ये त्याला काढून टाकण्यात आले. पहिल्या माणसाचे दुर्दैव असे, की तो हरला तर त्याची सारी जमात हरली असे धरतात. १९८७ मध्ये, जॅकी ज्या संघातून खेळला त्याच डॉजर्स संघाचे अधिकारी अल कॅम्पॅनिस टेलिव्हिजनवर म्हणाले, की कृष्णवर्णीयांत मॅनेजरीला लागणारे गुण कदाचित नसावेत. दोन दिवसांत त्यांची खुर्ची गेली. पण मनातले बाहेर आले होते.

फ्रँकला मात्र पुन्हा संधी मिळाली. सॅन फ्रान्सिस्को, बाल्टिमोर, माँट्रिअल, वॉशिंग्टन! १९८८ मध्ये १०७ सामने हरलेला बाल्टिमोरचा संघ पुढच्याच वर्षी त्याच्या हाताखाली ८७ जिंकला.

त्याच्या खात्यात एकूण १०६५ विजय आणि १,१७६ पराभव आहेत. जमाखर्च पाहणारा म्हणेल, तोटाच की! पण सर्वांत जास्त, ३,९४८ सामने हरणारा मॅनेजर कॉनी मॅक गोरा होता. म्हणून गोऱ्यांना मॅनेजरी जमत नाही, असे कोणी म्हटले नाही.

दार एकदा उघडले म्हणजे समता आली, असे नव्हे. हरलेल्यालाही त्याच दारातून पुन्हा आत येता आले पाहिजे. फ्रँक २०१९ मध्ये वारला. त्याच्या हिशेबातली ही शिल्लक मला त्या होमरनपेक्षा मोठी वाटते.