तोटी कोण दाबणार?

रायगडातल्या खारघरला 'ॲक्ट्रेक' ही कर्करोग संशोधनाची संस्था आहे. तिथे प्रयोगासाठी उंदीर पाळले जातात, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? अशा कुठल्याही प्राणीगृहाबद्दल बोलणे निघाले, की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. पाण्याच्या बाटल्या काढा, नळ्या आणि स्वयंचलित तोट्या बसवा, माणसे कमी लागतील. बाटल्या धुण्याचे काम कंटाळवाणे असते, हे खरेच. पण पुढचे मला पटत नाही.

पंचवीस ग्रॅमचा उंदीर दिवसाला जेमतेम ४-५ मिलिलिटर पाणी पितो. बाटली रिकामी झाली, तर दिसते. तोटी तुंबली, तर बाहेरून काहीच कळत नाही. तहानलेला उंदीर खाणे कमी करतो, वजन घटते आणि संशोधक ती घट नव्या औषधाच्या खात्यावर मांडून मोकळा होतो! उलट तोटी उघडीच अडकली, तर रात्रीत भुसा भिजतो, पिल्ले गारठून मरतात. नळ्यांत जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो, तो निराळाच.

म्हणून नळ्या नियमित धुवायच्या आणि प्रत्येक तोटी रोज बोटाने दाबून थेंब येतो का, हे पाहायचे. रविवारीसुद्धा. त्या माणसाची जागा आधी भरा, तोट्या मग बसवा.